होडीला पाणी पाजताना

बप्पा, तुमची होडी अजून आहे. हे आधी सांगते, कारण तुम्ही पहिलं तेच विचारलं असतं; लेक कशी आहे हे नंतर, तेही भाकरीचा तुकडा मोडता मोडता. लेकही आहे. गुडघे गेले, एका डोळ्यात नवं भिंग बसवलंय, दात म्हणाल तर पाहुण्यासारखे उरलेत, कधी उठून जातील सांगता येत नाही. जीभ मात्र होती तशीच आहे. हे पत्र माझी नात लिहितेय. तुम्ही मला शाळेत घातलं नाही, "पोरीला शिकून काय गंगेला अर्ज करायचाय का," म्हणालात, म्हणून आज तुमच्याशी दोन शब्द बोलायचे तरी मला दुसऱ्याचा हात उसना घ्यावा लागतो. मी बोलते तसं लिही म्हणलं तर ही मधेच माझी भाषा धुऊन वाळत घालते. तेव्हा थोडं धुतलेलं, थोडं तसंच, असं समजून घ्या.

दुपार आहे. मी पडवीत बाजेवर बसलेय आणि होडी माझ्यापुढं अंगणात, शेवग्याच्या झाडाला बांधलेली. अंगणातली होडी झाडाला बांधून ठेवायची वेळ आलीय, यावरून काय ते ओळखा. पाऊस आत्ता थांबलाय, पण ढग खाली येऊन बसलेत, डोंगर दिसत नाही. तुमचा नातू, म्हणजे माझा लेक, सकाळीच शेजारच्या मिस्त्रीला घेऊन वर तळ्यावर गेलाय. पहार घेऊन गेलाय. अजून आला नाही. फोन कालपासून कुणालाच लागत नाही. सून आत गाठोडं बांधते, सोडते, परत बांधते. मी मदतीला गेले तर म्हणाली, "आत्याबाई, तुमी निस्तं बसा. तेवढंच करा." म्हणून बसले, आणि बसल्या बसल्या तुम्हाला बोलावलं.

तुम्ही ही होडी घेऊन आलात तो दिवस सकाळपासून माझ्या डोळ्यापुढं आहे, जुन्या डोळ्यापुढंही आणि नव्या भिंगापुढंही. गंगथडीच्या आपल्या गावाला पूल झाला आणि तुमचे उतारू पुलावरून चालायला लागले. मग वर धरणात पाणी अडलं आणि पुलाखाली वाळू राहिली. घाटावरच्या बाकीच्यांच्या होड्या चुलीत गेल्या. तुम्ही मात्र बैलगाडीवर होडी पालथी घातली, तिच्या पाठीवर स्वतः चढून बसलात, आणि चौसाळ्याच्या रस्त्यानं माझ्या सासरच्या दारात येऊन उभे राहिलात. बालाघाटाच्या पायथ्याचं हे गाव. इथं बायका हंड्यासाठी उन्हातान्हात हिंडतात, विहिरीच्या तळाला पोर सोडून वाटीवाटीनं पाणी वर घेतात, आणि पाव्हणा आणतोय होडी! सारं गाव बघायला जमलं. मी काही नवी नवरी नव्हते, कडेवर लेकरू होतं, तरी पदर नाकापर्यंत ओढून घेतला. माझी सासू पुढं झाली. तिनं होडीला एक चक्कर मारली, जशी बाजारात म्हशीला मारतात.

"पाव्हणं, ह्ये कुणाला?"

"लेकीला."

"लुगडं आणायचं व्हतं की. हिच्यात काय कडबा ठिवायचा?"

"ठिवा. पन होडी वली ऱ्हाऊ द्या."

"कडबा कुजंल."

"कुजू द्या. होडी फाटू नका देऊ."

लोक इतके हसले की बैल बुजले. तुम्हाला हसू आलं नाही. चहाही न घेता तुम्ही आमच्या वस्तीभर हिंडून आलात. आमची वस्ती मूळ गावापासून अलीकडं, दोन ओढ्यांच्या बेचक्यात. तेव्हा ते ओढे म्हणजे नुसत्या गोट्यांच्या वाटा होत्या, त्यातून शेळ्या चालायच्या. माझ्या सासऱ्यांनी तुम्हाला मोठ्या तोऱ्यात सांगितलं, की मी पोर होतो तेव्हापासून ह्या ओढ्यानं कुणाचं पाऊल भिजवलेलं नाही. तुम्ही वाकून एक गोटा उचललात. तळहातावर फिरवलात. चांगला गुळगुळीत, पेरूएवढा गोल. "एवढा गोल शेळ्यांनी केला व्हय?" म्हणालात, आणि तो गोटा होडीत टाकून दिलात. तो अजून होडीतच आहे. मी त्यानं मिठाचे खडे फोडते.

जाताना तुम्ही मला बाजूला घेऊन सांगितलंत, की लाकडी होडीला पाण्याची सवय असते, ती कोरडी पडली की फळ्या आक्रसतात, सांधे उघडतात, आणि मग ऐन वेळेला ती चाळणीसारखी भरते. म्हणून हिला पाणी पाजत जा. गंगेवर उन्हाळ्यात आपण होडी मुद्दाम बुडवून ठेवायचो, तसं इथं जमणार नाही, तर तरटं भिजवून अंगावर टाकत जा. आणि तिच्या पोटात काय ठेवायचं तेही सांगितलंत: नाड्याचा जाड दोर, गूळ-फुटाण्याचा डबा, आगपेटी मेणकापडात गुंडाळून, आणि वाळलेल्या भोपळ्यात राख घालून बियाणं. जोंधळ्याचं, तुरीचं, मुगाचं. मी विचारलं, बियाणं कशाला, पाणी आलं तर पेरायचंय का? तुम्ही म्हणालात, "पाणी जातं बी. गेल्यावर काय खाशील?" भोपळा तरंगतो, त्यामुळं होडी गेली तरी बियाणं जाणार नाही, असा तुमचा हिशेब. होडी गेली आणि भोपळा राहिला तर त्याला धरून कोण राहील, हे तुम्ही बोलला नाहीत आणि मीही विचारलं नाही.

तेव्हापासून आजपर्यंत मी ह्या होडीला पाणी पाजतेय. सासऱ्यांना पाजलं नाही एवढं हिला पाजलं. सुरुवातीला भांडी घासलेलं पाणी, तांदूळ धुतलेलं पाणी. मग दुष्काळ यायचा. टँकर यायचा तेव्हा अख्खी वस्ती पाईपावर तुटून पडायची, आणि तेवढ्यातून होडीला घालायचं म्हणजे लोकांच्या डोळ्यावर यायचं. सून तेव्हा नवीनच आलेली. ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, "मानसाला प्यायला न्हाई आन् तुमी लाकडाला पाजता? कावून?" बरोबर होतं तिचं. मग मी काय केलं, तुम्ही हसाल. मी होडीच्या चारी बाजूंनी लुगड्याचा आडोसा केला आणि होडीत बसूनच अंघोळ करायला लागले. अंगावरचं पाणी होडीत, होडीतलं पाणी फळ्यांत, उरलेलं वासराला. तांब्याभर पाण्यात तिघांचं भागलं. मिस्त्री तेव्हा कोवळा पोरगा होता, बापाच्या हाताखाली विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींत तार भरायला शिकत होता, तो कुंपणावरून ओरडायचा, "क्या अम्मा, नाव किधर तक पोंची?" मी आडोशाआडून ओरडायची, "तुझ्या सासरी पोचली, भाड्या, ये उतरून घे!" दसऱ्याला लोक कोयते, नांगर, टिकाव पुजतात. आमच्या दारात होडी. जाणारा येणारा तिला हात जोडायचा आणि पुढं जाऊन तोंड दाबून हसायचा.

तळ्याचं सांगायचं राहिलं. वस्तीच्या वर डोंगराच्या कुशीत जे तळं आहे ते तुम्ही बघितलं नाहीत, ते नंतर झालं, दुष्काळी कामावर. त्याच्या बांधात माझ्या डोक्यावरची माती आहे, म्हणून त्याच्या पोटात काय आहे ते मला कुणी सांगायला नको. बाभळीची खोडं न काढताच वर मुरूम टाकला. काळी माती घाईघाईनं लोटली. मुकादम दुपारी झोपला की आम्ही बाया दगड लोटून टोपलं लवकर रिकामं करायचो आणि सावलीला जायचो. तरी बांध उभा राहिला, आणि एका अंगाला सांडवा ठेवला, म्हणजे जास्तीचं पाणी तिथून उतरून ओढ्याला जाईल. सांडवा म्हणजे तळ्याचं नाक. आता ऐका, आमच्या लोकांनी काय केलं.

बरी पावसाळी चार-पाच सालं आली. तळं भरलं आणि सांडव्यावरून पाणी चाललं. अख्खं गाव बघायला गेलं. पहिल्यांदा लोक नाचले. मग गप झाले. वाहून चाललेलं पाणी उभं राहून बघणं आमच्या लोकांना मेलेलं माणूस बघण्यापेक्षा जड जातं, बप्पा. तुम्ही गंगेवरचे, तुम्हाला नाही कळायचं. एक म्हातारा तर खाली वाकून ओंजळीनं पाणी परत तळ्यात टाकायला लागला. तेव्हा माझाच लेक म्हणाला, "पोती लावू." वाळूची पोती भरली आणि सांडवा हातभर उंच केला. दुसऱ्या साली अजून एक थर. तिसऱ्या साली चिखलानं लिंपलं. मागच्या साली वरून सिमेंट. तळ्याचं नाक बुजवलं आणि सगळ्यांनी मिळून नारळ फोडला.

मी पण हात जोडले, खोटं का बोलू. त्या पोत्यांनी काय केलं ते मी बघितलंय. विहिरींना उन्हाळाभर पाणी राहिलं. आमच्या इथं दिवाळी झाली की घराला कुलूप लागायचं, माणसं कोयता घेऊन, लेकरं घेऊन, ट्रकात बसून ऊस तोडायला खाली जायची, ती गुढीपाडव्यालाच परत. माझा लेक, सून दोघंही गेलेत. ही माझी नात फडातच चालायला शिकली, पाचटावर. पोती आली आणि लोकांनी आपल्या रानात ऊस लावला, दुसऱ्याचा तोडायचा थांबले. शाळेची बाकं भरली. ही एका जागी शिकली म्हणून आज तुम्हाला लिहितेय. तेव्हा पोती काढा म्हणणारा गावाचा वैरी होता, आणि मला कुठं वैर करायचं होतं.

यंदा श्रावण भिजत गेला आणि भादव्यात आभाळच फाटलं. घरात जमीन खालून ओली यायला लागली. वरून नाही, खालून. कांद्याची चाळ तळापासून सडली. आडाचं पाणी इतकं वर आलं की वाकून तांब्या बुडवावा. आणि सूनबाई खूश, की बाई, रहाट ओढायचं काम गेलं. खेकडे चुलीपाशी यायला लागले. बांधाच्या पायथ्याला, जिथं बाभळीची खोडं पुरली होती त्या अंगाला, पाणी पाझरत होतं, स्वच्छ, पिण्यासारखं. बायका तिथं धुणं न्यायला लागल्या. मी लेकाला म्हणलं, ह्याचं मला बरं दिसत नाही. तो हसला. "आई, तुला म्हातारपनी सगळीकडं गंगाच दिसती." पारावर चारचौघांतही म्हणाला, की आमची आई होडी घेऊन वाट बघतेय, तिच्यासाठी तरी बांध फुटला पाहिजे. सगळे हसले. मीही हसले. टोमणा चांगला होता, माझ्यावरच गेलाय तो.

मग मला डोळ्याच्या ऑपरेशनला बीडला नेलं. पट्टी, थेंब, धूर नको, पाणी नको, म्हणून तिथंच बीडात, मूळच्या वडवणीच्या एका नातेवाईक बाईच्या खोलीवर बरेच दिवस ठेवलं. माझा जीव होडीत. मधे दोन-चार दिवस कडक ऊन पडलं होतं, आणि मी नाही म्हणजे तिला कोण पाजणार? फळ्या उघडल्या असतील असं धरूनच मी परत आले. जीपमधून उतरले ती घरात गेले नाही, आधी होडीला हात लावला. तरटं ओली होती. नुसती ओली नव्हती, थंडगार, आत्ताच भिजवल्यासारखी. सांध्यांत नवं डांबर भरलेलं. नाडा नवा, गाठ पक्की. माझ्या नव्या भिंगानं पहिलं नीट काय बघितलं असेल तर ते.

मी सुनेला विचारलं, तू केलंस का? ती म्हणाली, "मी? मला येवढा येळ कुठाय? तुमच्या लेकाला इचारा. रोज सकाळी उठून तितंच असतो. मिस्त्रीला बी बोलावतो. मला वाटलं तुमीच सांगून गेलाव."

बप्पा, बांधाचा पाझर बघून मी भ्याले नव्हते. खेकडे बघून, आडाचं पाणी बघून शंका आली होती, पण ती माझ्या म्हातारपणाचीही असेल अशी एक फट होती. ज्या लेकानं पारावर बसून माझ्या होडीवर लोकांना हसवलं, तो माझ्या पाठीमागं रोज तिला पाणी पाजतोय, हे कळलं आणि ती फट बुजली. मी होडीच्या काठालाच धरून खाली बसले.

तो रानातून आला. मी तिथंच होते.

"डांबर चांगलं भरलंस," म्हणलं. "कवापासून फुटतोय तुझा बांध?"

त्यानं डोक्याचा रुमाल काढला, झटकला, परत बांधला. "फुटत न्हाई काय."

"मग हिला कावून पाजतोस? तिला तहान लागली म्हणून का?"

तो माझ्याशेजारी येऊन बसला, लहानपणी बसायचा तसा, गुडघे छातीशी घेऊन. "आई, पोती काढली तर पानी निम्म्यावर येतंय. ऊस वाळंल. दिवाळीला निम्मी वस्ती परत ट्रकात बसंल. मी लावली, आता मीच काढा म्हणू का? लोकं मला उभं करतील का दारात?"

"आन् न्हाई काढली तर?"

"येवढा ऊस जाऊ दे. दिवाळीनंतर काढतो."

"पान्याला सांगितलंस का, दिवाळीनंतर ये म्हणून?"

तो हसला नाही. तेव्हाच मला जास्त कळलं. मग त्यानं होडीकडं बघत विचारलं, "किती मानसं बसतील हिच्यात?"

मी म्हणलं, बप्पा आठ-दहा नेत होते, पण ती गंगा होती, रुंद, तिला कळायचं. हा ओढा आहे, वेडा. लेकरं असली तर जास्ती बसतील. त्यानं मान हलवली आणि मिस्त्रीच्या घराकडं बघितलं. मिस्त्रीचं घर आमच्याहून खाली, अगदी दोन ओढे मिळतात तिथं. त्याला लेकरं लई. बायकोचे पुन्हा दिवस भरत आलेत.

"आई, वल्हं तुला येतं ना?"

"होडीवाल्याची लेक हाय मी," म्हणलं. "काय इचारतोस."

त्या पुराचा दिवस तुम्हाला आठवतो का? मी लहान होते, गंगा घाटाच्या पायऱ्या चढून मारुतीच्या पारापर्यंत आली होती. तुम्ही होडी पाराला लावली आणि मी सगळ्यांच्या आधी उडी मारून आत जाऊन बसले. तुमची होडी, माझा बाप, माझी पहिली जागा. वल्हं मोकळं पडलेलं दिसलं म्हणून त्याला हात घातला. तुम्ही आधी माझ्या हातावर मारलंत, मग दंडाला धरून, मांजरीचं पिलू उचलावं तसं उचलून चिखलात उभं केलंत. "होडी तुझ्या बापाची हाय म्हणून तू शेवटी." सारं गाव बघत होतं. तुम्ही तेल्याची म्हातारी नेलीत, वाण्याची लेकरं नेलीत, सावकाराची बायको तिच्या ट्रंकेसकट नेलीत. माझी आई, मी आणि भाऊ पारावर, पाणी मारुतीच्या पायाला. आईनं तुम्हाला त्या दिवशी जे शिव्याशाप दिले ते नात लिहायला तयार नाही. शेवटच्या खेपेला आम्हाला नेलंत, आणि पलीकडं उतरल्यावर खिशातून भिजलेला गुळाचा खडा काढून माझ्या हातावर ठेवलात, त्याच हातावर. मी तो फेकून दिला. मग तुम्ही वळल्यावर शोधून खाल्ला.

काल सकाळी बांधाच्या पायथ्याचं पाणी गढूळ झालं. धुण्याला गेलेल्या बाया तशाच परत आल्या, कपडे डागाळतात म्हणून कुरकुरत. लेकानं ते ऐकलं आणि हातातला चहा खाली ठेवला. तोवर दोन्ही ओढे पुलांवरून गेले होते. गाव पलीकडच्या उंचावर, तिथं शाळा आहे, देऊळ आहे, माणसं काठावर उभी राहून आम्हाला हात करतात. आम्ही अलीकडं, बेचक्यात. वर जायला एकच वाट, उसातून तळ्याकडं, आणि तळ्याकडं कोण जाणार. आज पहाटेपर्यंत लेकानं वाट बघितली, की पाऊस उघडेल. मग मिस्त्री आपणहून दारात आला. म्हणाला, "भाई, थैल्या निकालते. ओढा चढा तो चढने दो, बांध तो रहेगा." पोती काढली तर ओढा अजून फुगणार, पण एकदम नाही, हळूहळू, बांध गेला तर सगळं एकदम. लेकानं पहार घेतली. दारातून वळून मला म्हणाला, "मी येईपर्यंत होडी सोडू नको." मी म्हणलं, "मी काय माहेरी चाललेय का."

तेव्हापासून मी बसलेय. इथून सांडवा दिसत नाही. पण सांडवा मोकळा झाला असता तर ओढ्याचा आवाज बदलला असता, तेवढं मला झोपेतही कळतं. आवाज बदललेला नाही. आडावर आता फेस आलाय. शेळीनं दावं तोडलं आणि ती होडीत जाऊन उभी राहिलीय. आधी हाकलली, परत गेली. शेवटी सून म्हणाली, "ऱ्हाऊ द्या आत्याबाई, हिला तरी अक्कल हाय." पहिल्यांदाच माझ्या होडीला कुणी घरातलं चांगलं बोललं. नात विचारते, आजी, पणजोबांना हे पत्र कुठं पाठवायचं? मी म्हणलं, त्यांच्याच होडीत ठेव, गुळाच्या डब्यात. कुठं का जाईना, कोरडं जाईल.

थांबा, आला.

आला बप्पा. कंबरेपर्यंत चिखल, हाताची सालटी निघालीत. मिस्त्री थांबला नाही, सरळ खाली त्याच्या घराकडं पळतोय, लेकरांना हाका मारत. लेकानं माझ्याकडं बघितलं नाही, सुनेकडंही नाही. होडीवरची तरटं ओढून काढली. "निघंना, आई," म्हणाला. "सिमेंट धरून बसलंय. आमीच बसवलं." मग म्हणाला, "पयली खेप मिस्त्रीची." मी म्हणलं, बरोबर आहे, होडी आपली हाय म्हणून आपण शेवटी. त्यानं होडीत हात घालून चाचपलं. "वल्हं कुठाय?"

मी बाजेखाली बोट दाखवलं.

नात म्हणतेय, आजी, ऊठ. उठते, एवढं लिही आणि डब्याचं झाकण लाव. बप्पा, पोरीच्या जातीनं वल्ह्याला हात लावला तर होडी बुडते, म्हणून तुम्ही मला त्याला कधी शिवू दिलं नाही. आणि मी ह्या घरात सगळ्यांना इतकी वर्षं सांगत आलेय, की मला होडी चालवता येते. नात लिहायची थांबलीय, माझ्या तोंडाकडं बघतेय. लिही, म्हणलं. मला येत नाही.